आधीच दम पुरत नाही, त्यात फुफ्फुस कापायचं?

प्रश्न: डॉक्टर, नमस्कार. आम्ही इचलकरंजीचे. माझ्या वडिलांचं, अण्णांचं, वय 64. सगळी हयात त्यांनी लूमवर जॉबर म्हणून काढली, बिडी तेव्हापासूनची. आता संडासला जाऊन आले तरी दहा-दहा मिनिटं कॉटवर बसून राहतात. साधा शर्ट अंगात घालताना धाप लागते. कोल्हापूरच्या छातीच्या डॉक्टरांनी एम्फिसीमा (फुफ्फुस फुगून सैल पडण्याचा रोग) सांगितलाय, दोन पंप चालू आहेत. पीएफटीमध्ये, म्हणजे फुंकून करायच्या फुफ्फुसाच्या तपासणीत, एफईव्ही-वन 28 टक्के, आरव्ही 215 टक्के, डीएलसीओ 34 टक्के आलंय. सीटीच्या रिपोर्टात वरच्या भागात जास्त खराबी आहे असं लिहिलंय. आता ते म्हणतात, पुण्या-मुंबईला जाऊन फुफ्फुसाचा भाग काढायच्या ऑपरेशनबद्दल विचारून या. अण्णा एका पायावर तयार आहेत. काका म्हणतात, "आहे ते फुफ्फुस पुरेना, ते कापल्यावर माणूस जगणार कसा?" मला काकांचं पटतं. भाऊ म्हणतो, ऑपरेशन नको, व्हॉल्व्ह बसवू. काकू कपालभाती करायला लावतात. घरात रोज वादावादी. आणखी एक सांगते. अण्णांनी बिडी सोडलीय, पण संध्याकाळी एक-दोन होतात. डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. काय करावं?
— एक मुलगी, इचलकरंजी

उत्तर: ताई, काकांशी भांडू नका. त्यांनी विचारलं तेच छातीचे सर्जनही कित्येक वर्षं एकमेकांना विचारत होते. 1950च्या दशकात अमेरिकेत बाल्टिमोरला ओटो ब्रँटिगन नावाच्या सर्जननी एम्फिसीमाच्या रुग्णांचं फुफ्फुस थोडं कापून लहान करायला सुरुवात केली. वाचले त्यांतल्या बऱ्याच जणांना बरं वाटलं, पण साधारण सहा रुग्णांमागे एक दगावत होता. बाकीच्या सर्जननी त्या ऑपरेशनला लांबूनच नमस्कार केला आणि पुढची तीसेक वर्षं ते बासनात गेलं. 1990च्या दशकात सेंट लुइसच्या जोएल कूपर यांनी ते नव्या तंत्रानं पुन्हा बाहेर काढलं. आज त्याला एलव्हीआरएस म्हणतात, म्हणजे फुफ्फुसाचं आकारमान कमी करण्याचं ऑपरेशन.

काकांच्या हिशेबात एकच गोष्ट राहून गेलीय. अण्णांचं फुफ्फुस लहान झालेलं नाही, ते मोठं झालंय.

हे तुमच्याच कागदावर लिहिलेलं आहे. आरव्ही म्हणजे जोर लावून सगळा श्वास सोडल्यावरही छातीत उरणारी हवा. अण्णांच्या वयाच्या धडधाकट माणसात ती साधारण दोन लिटरच्या आसपास असते. अण्णांची 215 टक्के आहे, म्हणजे दुपटीहून जास्त. ही हवा आत पडून राहते, तिच्यातला ऑक्सिजन कधीच वापरून झालेला असतो आणि ती ताज्या हवेला जागा देत नाही.

तुम्हाला स्वतःला छातीचा काही त्रास नसेल तर एक करून बघा. छाती भरून श्वास घ्या. आता तो सगळा सोडू नका, थोडासाच सोडा आणि त्याच्यावरच पुढचा श्वास घ्या. असे पाच-सहा श्वास घेत खोलीतल्या खोलीत चाला. छाती गच्च भरलेली असूनही श्वास पुरत नाही असं वाटेल आणि तुम्ही लगेच सगळा श्वास सोडून मोकळ्या व्हाल. अण्णांना तसं मोकळं होता येत नाही.

का येत नाही? श्वास घेताना स्नायूंना काम करावं लागतं, पण सोडताना फुफ्फुस आपलं आपण आकसतं. ते आकसणं वायुकोशांच्या, म्हणजे फुफ्फुसातल्या हवेच्या बारीक पिशव्यांच्या, भिंतींमधल्या लवचिक धाग्यांमुळे होतं. वर्षानुवर्षांच्या धुरानं त्या भिंती विरून गेल्या. बारीक श्वासनळ्याही त्याच भिंतींच्या ताणावर उघड्या राहतात. ताण गेला की श्वास सोडताना त्या मिटतात आणि मागची हवा कोंडली जाते. पायजम्याचं इलास्टिक सैल झालं की आपण काय करतो? थोडा तुकडा कापून पुन्हा शिवतो. इलास्टिक जुनंच असतं, पण पुन्हा धरून ठेवतं. ऑपरेशनमागचा निम्मा विचार एवढाच आहे: सर्वांत खराब, नुसता फुगलेला भाग काढला की उरलेल्या, त्यातल्या त्यात बऱ्या फुफ्फुसाला ताण मिळतो, नळ्या उघड्या राहतात, हवा बाहेर पडते.

उरलेला निम्मा विचार स्नायूंचा आहे, आणि तुमच्या पत्रातला शर्ट मला इथेच सापडला. अण्णांना उघड्या अंगानं उजेडात बसवा आणि समोरून बघा. श्वास घेताना आपल्या खालच्या बरगड्या बाहेर फाकतात. त्यांच्या बहुधा आत ओढल्या जात असतील. मानेच्या दोन्ही बाजूंच्या शिरा वाटाव्यात असे स्नायू ताठ होत असतील. कारण छाती आणि पोट यांच्यामधला श्वासपटलाचा पडदा घुमटासारखा वर उचललेला असायला हवा, तरच त्याला खाली ढकलायला वाव राहतो. फुगलेल्या फुफ्फुसानं तो आधीच दाबून सपाट केलाय. सपाट पडदा आकुंचन पावला की खाली जाण्याऐवजी बरगड्याच आत खेचतो. मग श्वासाचं काम मान-खांद्याच्या स्नायूंवर येतं. शर्ट घालायला हात वर केले की तेच स्नायू हातांच्या कामाला लागतात आणि श्वास उघडा पडतो. म्हणून चार पावलं चालण्यापेक्षाही शर्टाची बाही अवघड. चालताना दुसरीच गंमत होते (गंमत कसली म्हणा). श्वास भरभर होतो, सोडायला वेळ कमी मिळतो, प्रत्येक श्वासामागे थोडी थोडी हवा आत साठत जाते आणि छाती आणखी फुगते. कॉटवरची ती दहा मिनिटं ही साठलेली हवा सोडण्यात जातात.

ऑपरेशनमध्ये दोन्ही बाजूंच्या फुफ्फुसांचा साधारण 20 ते 35 टक्के भाग स्टेपलरनं कापून काढतात. पूर्वी छातीचं मधलं हाड उभं कापायचे, आता बहुतेक दुर्बिणीतून करतात. ज्याला मानवतं, त्याच्या श्वासात पुढचे फरक दिसतात: पडदा पुन्हा वर उचलला जातो, श्वासांची संख्या कमी होऊन एकेक श्वास खोल होतो, चालताना हवा साठायचं प्रमाण घटतं, आणि मान-खांद्यांची ओढाताण कमी होते. मला रुग्णांकडून ऐकायला आवडणारं वाक्य म्हणजे "आता चालता चालता बोलता येतं." एफईव्ही-वनचा, म्हणजे पहिल्या सेकंदात जोरानं बाहेर टाकता येणाऱ्या हवेचा, आकडा त्या मानानं फार उड्या मारत नाही. तो बघून नातेवाईक हिरमुसतात, तसं करू नका. आरव्ही किती उतरला आणि सहा मिनिटांत किती मीटर चालले ते बघा. ऑक्सिजनची पातळी मात्र सगळ्यांचीच सुधारते असं नाही. काहींचं घरचं ऑक्सिजनचं मशीन सुटतं, काहींचं तसंच राहतं.

आणि हे कायमचं नाही. सगळ्यात जास्त फायदा पहिल्या सहा महिन्यांच्या आसपास दिसतो. पुढे रोग आपल्या गतीनं चालतच राहतो, कारण उरलेलं फुफ्फुसही त्याच रोगाचं आहे. काही वर्षांत बऱ्याच जणांची पीएफटी जुन्या जागी येते. अण्णा एका पायावर तयार आहेत म्हणालात, तर त्यांना हे आधी सांगा. लूमवर परत जायचं स्वप्न बघत असतील तर ते होणार नाही. आंघोळ स्वतःच्या हातानं, चौकापर्यंत चालत, जेवताना धाप नाही, हे होऊ शकतं.

आता जीवाच्या जोखमीचं. अमेरिकेत कूपर यांच्या निकालानंतर या ऑपरेशनची लाट आली आणि तिथल्या सरकारी आरोग्य विम्यानं, मेडिकेअरनं, पैसे देणं थांबवून आधी पुरावा मागितला. (आपल्याकडे अशी अडवणूक कुणी करत नाही, याचं मला नेहमी वाईट वाटतं.) त्यातून 1,218 रुग्णांची मोठी चाचणी झाली. निम्म्यांना ऑपरेशन, निम्म्यांना फक्त औषधं आणि व्यायाम. तिचे मुख्य निकाल 2003 साली आले, पण एक निकाल 2001 मध्येच जाहीर करावा लागला. ज्यांचा एफईव्ही-वन 20 टक्के किंवा त्याहून कमी होता, आणि त्याखेरीज एकतर डीएलसीओही (फुफ्फुसातून रक्तात वायू किती शिरतो त्याचं माप) 20 टक्के किंवा कमी, नाहीतर खराबी सगळ्या फुफ्फुसभर सारखी पसरलेली, अशा रुग्णांपैकी 16 टक्के ऑपरेशननंतर महिन्याभरात गेले. औषधांच्या गटात त्याच काळात एकही गेला नाही. तेव्हापासून अशा रुग्णांना हात लावत नाहीत. अण्णा 28 आणि 34 वर आहेत, म्हणजे या रेषेच्या अलीकडे. हा गट वगळल्यावर पहिल्या 90 दिवसांत ऑपरेशनवाले साधारण पाच टक्के गेले, औषधांवरचे दीड टक्के. आज चांगल्या केंद्रांत हा आकडा त्याहून खाली आलाय, तरी शून्य नाही.

याच चाचणीनं ऑपरेशन कुणासाठी हेही दाखवलं. खराबी प्रामुख्यानं वरच्या भागात आणि व्यायाम करून घेतल्यावरही चालण्या-सायकलची ताकद अगदी कमी, अशा रुग्णांना सर्वांत जास्त फायदा झाला. ते जगलेही जास्त. उलट खराबी वरच्या भागात नाही आणि ताकद बरी आहे, अशांचं ऑपरेशननं नुकसान झालं. म्हणजे रोग किती आहे यापेक्षा तो कुठे आहे याला महत्त्व. अण्णांच्या रिपोर्टातलं "वरच्या भागात जास्त" हे तुमच्या पत्रातलं सर्वांत आशेचं वाक्य आहे. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी उगाच पुण्या-मुंबईला पाठवलेलं नाही.

भावाच्या व्हॉल्व्हबद्दल. ती कल्पनाही खोटी नाही. दुर्बीण घशातून श्वासनळीत घालून खराब भागाच्या तोंडाशी एकेरी झडपा बसवतात. हवा बाहेर येते, आत जात नाही, तो भाग हळूहळू बसतो आणि बाकीच्याला जागा होते. चिरफाड नाही, नको वाटल्या तर झडपा काढताही येतात. अट अशी की फुफ्फुसाच्या त्या खंडाची शेजारच्या खंडाशी मागच्या दारानं हवेची देवाणघेवाण नको. दोन खंडांमधली फट पूर्ण आहे का हे सीटीवर आणि दुर्बिणीतून तपासतात. फट अपुरी असेल तर झडपा म्हणजे पैसे पाण्यात. शिवाय झडप बसवल्यावर फुफ्फुस अचानक फाटून छातीत हवा भरण्याचा धोका बऱ्यापैकी आहे, अभ्यासांमध्ये साधारण चौघांत एकाला हे झालं, बहुतेकदा पहिल्या तीन दिवसांत. म्हणून "सकाळी बसवून संध्याकाळी घरी" असं कुणी सांगितलं तर तिथून उठा. ब्रिटनमध्ये दोन्ही उपायांना लायक असलेल्या 88 रुग्णांवर समोरासमोर चाचणी झाली, 2023 मध्ये निकाल आला: वर्षाअखेर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नव्हता. थोडक्यात, भाऊ आणि अण्णा या वादाचा निकाल तुमच्या स्वयंपाकघरात लागणार नाही, सीटीवर लागेल.

पण ताई, यातलं काहीही आज ठरवायचं नाहीये. आधी बिडी.

"एक-दोन होतात" हे तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंत, माझ्या लेखी ते पहिलं आहे. बिडी चालू असताना कुठलाही शहाणा सर्जन हात लावणार नाही. त्या अमेरिकन चाचणीतही किमान चार महिने बिडी-सिगारेट बंद असलेल्यांनाच घेतलं होतं. कापलेल्या, विरलेल्या फुफ्फुसाला टाका धरायला आणि जखम भरायला वेळ लागतो. धुरात ते होत नाही. लपवून उपयोगही नाही. ऑपरेशनआधी रक्तात किंवा लघवीत कोटिनिन तपासतात, ते निकोटिनपासूनच तयार होतं. मिश्री किंवा तंबाखू लावत असतील तरी ते सापडतं. त्यामुळे "बिडी नाही, नुसती मिश्री" हाही मार्ग बंद. अण्णांना रागावू नका. इतक्या वर्षांची सवय मनाच्या निश्चयावर सुटत नाही, गोळ्या आणि च्युइंग गम मिळतात, डॉक्टरांना खरं सांगून मागून घ्या. गम चालू असेल तर तेही सांगा, त्यातही निकोटिनच असतं. आणि परसात आंघोळीच्या पाण्याचा बंब लाकडावर पेटत असेल तर तो उद्यापासून बंद. धूर बिडीचा की बंबाचा हे फुफ्फुसाला कळत नाही.

त्याच महिन्यांत दुसरं काम: पल्मोनरी रिहॅबिलिटेशन, म्हणजे छातीच्या फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली आठ-दहा आठवडे चालणं, सायकल, हाता-पायांचे व्यायाम. चाचणीत प्रत्येकाला ऑपरेशनआधी हे करावंच लागलं होतं. यात दोन फायदे आहेत. एक, काही रुग्ण एवढ्यानंच इतके सुधारतात की ऑपरेशनची घाई राहत नाही. दोन, जे ऑपरेशनला जातात ते पहिले दोन आठवडे निभावतात. ते आठवडे सोपे नसतात. छातीत नळ्या असतात, त्यांची टोकं पाण्याच्या बाटलीत. खोकला आला की बाटलीत बुडबुडे येतात, याचा अर्थ टाक्यांमधून अजून हवा गळतेय. हे जवळजवळ प्रत्येकाचं होतं. त्या चाचणीत दहांपैकी नऊ जणांचं झालं, आणि निम्म्या जणांची गळती आठवड्याहून जास्त टिकली. बुडबुडे दिसले की घरचे घाबरून फोन करतात. घाबरू नका, फक्त रोज मोजत जा: खोकल्यावरच येतात की नुसत्या बोलण्यावरही. खोकल्यावरच यायला लागले म्हणजे बंद व्हायच्या मार्गावर.

काकूंचं कपालभाती थांबवा. माझं हे मत अनेकांना रुचत नाही, पण एम्फिसीमामध्ये जोरानं श्वास बाहेर फेकला की त्या मऊ नळ्या आणखी लवकर मिटतात आणि हवा जास्तच कोंडते. भस्त्रिकेचंही तेच. त्याऐवजी नाकानं श्वास घेऊन ओठांचा चंबू करून हळूहळू, घेतला त्याच्या दुपटीएवढ्या वेळात सोडायचा. त्यानं नळ्यांमध्ये थोडा दाब राहतो आणि त्या उघड्या राहतात. संडासहून येताना चार पावलं, थांबा, चंबू, पुन्हा चार पावलं. शर्ट बसून घाला, तोही पुढून बटणांचा, आणि हात बाहीत जाताना श्वास सोडत घाला. हे आजपासून करता येईल, याला कुणाची सही लागत नाही.

पंप कसा घेतात हेही एकदा डॉक्टरांसमोर घेऊन दाखवायला सांगा. अण्णांना त्रास होतो तेव्हा गल्लीतल्या दुकानातून दम्याची पुडी आणत असतील तर त्यात बऱ्याचदा स्टेरॉइड असतं. त्यानं हाडं ठिसूळ होतात आणि ऑपरेशनची जखम भरत नाही. तेही डॉक्टरांना सांगायच्या यादीत घाला.

पुण्या-मुंबईला जाण्याआधी 2डी इको (फुफ्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब वाढला असेल तर ऑपरेशन बाद होतं), एबीजी म्हणजे धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी आणि सहा मिनिटं चालण्याची चाचणी एवढं कोल्हापुरातच करून घ्या. चालताना ऑक्सिजन कितीवर उतरतो ते लिहून घ्या. बसल्या बसल्या तो 88 टक्के किंवा त्याखाली असेल तर ऑपरेशनची वाट न बघता घरी मशीन लावावं लागेल, दिवसाचे किमान 15 तास. "मशीनची सवय लागते" असं कुणीतरी सांगेलच. तहानेला पाण्याची सवय लागत नाही, एवढं उत्तर द्या आणि विषय बदला.

सर्जनना तीन गोष्टी विचारा. एलव्हीआरएस त्यांनी स्वतः किती केली. त्यांच्या हातून किती जण 90 दिवसांच्या आत गेले. छातीचे फिजिशियन, रेडिओलॉजिस्ट आणि सर्जन एकत्र बसून हा निर्णय घेतात का. हे विचारल्यावर जे चिडतात त्यांच्याकडे ऑपरेशन करू नका. भारतात हे काम नियमित करणारी हॉस्पिटलं मोजकीच आहेत, त्यामुळे दुसरं मत घ्यायला संकोच नको. खर्चाचं विचाराल तर सरकारी योजनेत हॉस्पिटल असेल तर तिथल्या आरोग्यमित्राकडून हे ऑपरेशन किंवा व्हॉल्व्ह बसतो का ते लेखी घ्या, तोंडी हो-ला हो धरून चालू नका. व्हॉल्व्ह महाग असतात आणि एका रुग्णाला एकाहून जास्त लागतात.

आणि जाताना सीटीची फिल्म गुंडाळून नेऊ नका, तिच्यावर खराबी नजरेला दिसते पण मोजता येत नाही. सेंटरकडून सीडी मागून घ्या. सीटी सहा महिन्यांहून जुना असेल तर आधी फोन करून विचारा, नाहीतर मुंबईची फेरी होऊन तिथे पुन्हा नवा काढायला सांगतील.